झोअँथसच्या देठांवर पिवळट-पांढरे ठिपके, शेजारच्या मशरूमवर तांबूस डाग: रोग आहे की किडे?

खारंपाणी_लातूर

राम राम मंडळी. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या झोअँथसच्या (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) एका वसाहतीवर ठिपके आलेत आणि ते कशाचे ते ठरत नाही. औषधाला हात लावण्याआधी निदान पक्कं करायचं आहे, म्हणून सगळी माहिती एकदमच देतो.

टाकी अडीच फुटी आहे, दगड-वाळू वजा जाता नक्त पाणी साधारण १२० लिटर. सम्प (खालची जोडटाकी) नाही, मागं टांगायचा स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा) आहे आणि दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप). दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, पाच ट्रोकस गोगलगाई. प्रवाळ सगळे मऊ: झोअँथस, मशरूम, एक लेदर. पाणी घरच्या प्यायच्या आरओचं, मीठ त्यातच कालवतो. हायड्रोमीटर (क्षारता मोजायचं काट्याचं साधन) १.०२६ दाखवतो. तापमान सकाळी २६.५, संध्याकाळी २८.५. अल्कलिनिटी ८ डीकेएच, नायट्रेट ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५.

वसाहत ४० पॉलिपची, म्हणजे देठावर चकती असलेल्या ४० जिवांची. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईहून कुरिअरनं आलेला नवा फ्रॅग (प्रवाळाचा तोडून विकलेला तुकडा) तिच्या शेजारीच ठेवला, डिप न करता, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून न घेता. गेल्या आठ दिवसांत १२-१३ पॉलिप मिटले ते उघडलेच नाहीत. मिटलेल्यांच्या देठांवर खसखशीएवढे उंचवटे आहेत, पांढरे ते पिवळट. दोन-तीन उघड्या पॉलिपच्या चकतीच्या कडेलाही तसेच आहेत. फ्रॅग ज्या बैठकीवर चिकटवलाय त्या प्लगवरसुद्धा पांढरे ठिपके आहेत, पण ते खडूसारखे पांढरेशुभ्र.

दुसरी गोष्ट, त्याच बाजूच्या मशरूमवर तांबूस-तपकिरी लांबट डाग आहेत, तीन-चार मिलिमीटरचे. महिन्यापूर्वी नव्हते.

दोन्ही एकच प्रकार आहे का? आयोडीनचं डिप दिलं तर चालेल का? आणि हे निस्तरल्यावर एखादा कडक प्रवाळ घ्यायचा विचार आहे, तो या टाकीत तगेल का तेही सांगा.

पॉलिप_नांदेड

दादा, मशरूमवरचं आणि झोअँथसवरचं एक नाही, एवढं वर्णनावरूनच कळतं. झोअँथसचं मात्र घाईनं ठरवू नका. तिथला पांढरा ठिपका पाच-सहा वेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि प्रत्येकीचा उपाय निराळा. आज रात्री आणि उद्या सकाळी एवढं तपासा.

नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालून, वसाहत पाण्यातच ठेवून, लाकडी टूथपिकच्या बोथट टोकानं एक ठिपका हलकेच ढकलून बघा. टोचायचं नाही, खरवडायचं नाही. ठिपका कातडीच्या आत असेल तर देठासकट हलेल. वर चिकटलेला असेल तर एकटा सरकेल. दगडासारखा कडक लागला तर दोन शक्यता. एक म्हणजे स्पायरॉर्बिस, चक्राकार नळीत राहणारे बारके कृमी. यांची गुंडाळी एक-दोन मिलिमीटरची, भिंगातून गोगलगाईसारखी दिसते. ते पाणी गाळून जगतात, प्रवाळाला काही करत नाहीत. तुमच्या प्लगवरचे खडूसारखे ठिपके बहुतेक तेच. खात्री हवी असेल तर एक ठिपका प्लगवरून सोलून काचेवर घ्या आणि वर व्हिनेगरचा थेंब सोडा. चुनखडीची नळी असेल तर बारीक बुडबुडे येतात. मांसल पुटकुळीला येत नाहीत.

कडक लागण्याचं दुसरं कारण वाळू. पॅलिथोआ जातीचे पॉलिप आपल्या कातडीत वाळूचे कण बसवून घेतात. त्यांचा देठ जन्मभर ठिपकेदार आणि खरखरीत असतो. झोअँथस जातीत हे होत नाही. वसाहत घेतली तेव्हापासून ठिपके असते तर वाळू म्हणालो असतो. तुमचे नवे आहेत, तरी बघून घ्या, कारण पॅलिथोआ निघाला तर हाताळताना काळजी दुप्पट घ्यावी लागते.

ठिपका जेलीसारखा, पारदर्शक, ओळीनं किंवा गुंडाळीत मांडलेला असेल तर ती अंडी. झोअँथस खाणारा न्युडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, ज्या रंगाचे पॉलिप खाते तोच रंग अंगावर घेते, त्यामुळे दिवसा दिसत नाही. अंडी मात्र दिसतात, देठाच्या बुडाशी नाहीतर प्लगच्या खाली. प्लग उलटा करून बघा, हे लोक विसरतात.

दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल उजेडाच्या टॉर्चनं वसाहत पाहा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची, पसरट स्क्रूसारखी पिळाची शिंपी दिसली तर ती हेलिअॅकस, सनडायल गोगलगाय. ती रात्री पॉलिपमध्ये सोंड घालून रस पिते. कोळ्यासारखे लांब पायांचे बारीक जीव दिसले तर समुद्री कोळी. दोघांनाही चिमट्यानं उचलायचं, औषध लागत नाही.

यातलं काहीच नसेल आणि ठिपके मऊ, कातडीतूनच उठलेले, टोकाशी जरा पिवळे असतील, तर झोआ पॉक्स. देवीच्या पुळ्यांसारखं दिसतं म्हणून हे नाव. तुमचं वर्णन मला त्याच बाजूचं वाटतं. पण तपासा आणि मग बोलू.

मशरूमच्या डागांवर सुईशिवायच्या सिरिंजनं पाण्याचा झोत मारा. डाग सरकला, उडाला, तर तो डाग नाही, जीव आहे.

रीफ_बीड

पॉक्सच असणार. इतकं तपासत बसण्यात पॉलिप जातील. टाकीतच अँटिबायोटिक टाका, १२० लिटरच्या हिशेबानं, म्हणजे बाकीच्या वसाहतींनाही संरक्षण. एकेक उचलून डिप देण्यापेक्षा बरं. झोअँथस दगडावर पसरलेला असेल तर डिप देणार तरी कसा?

पॉलिप_नांदेड

बीडकर, तुमची काळजी खरी आहे, पण टाकीत टाकणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पॉक्सवर चालणारं औषध नायट्रोफ्युरान गटातलं. ते दगडातल्या नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनाही मारतं. ते गेले की अमोनिया चढतो आणि मासे, श्रिम्प, प्रवाळ सगळेच गोत्यात येतात. शिवाय उजेडात हे औषध लवकर निकामी होतं, सेंद्रिय गाळात अडकतं, स्किमर ओढून नेतो. पॉलिपपर्यंत पोचतं ते इतकं पातळ की रोगजंतू मरत नाही, सरावतो. एका कपात दाट औषध आणि ठराविक मिनिटं, यातच त्याची ताकद आहे. दगडावर पसरलेली वसाहत असेल तर तेवढा दगडच उचलून मोठ्या भांड्यात डिप द्यायचा. दगड उचलण्याजोगा नसेल तर बाधित पॉलिप वेगळे काढायचे, आणि ते काम सावधपणाचं आहे.

खारंपाणी_लातूर

तपासलं. टूथपिकनं ढकलल्यावर ठिपका देठासकट हलतो, एकटा सरकत नाही. मऊ आहे, खरखरीत नाही. भिंगातून टोक जरा पिवळं दिसतं. प्लगवरचे खडूसारखे ठिपके गुंडाळीचेच आहेत, व्हिनेगरवर बुडबुडे आले. प्लग उलटा करून पाहिला, जेलीसारखं काही नाही. रात्री अकराला आणि पहाटे चारला लाल टॉर्चनं पाहिलं, शिंपी नाही, कोळी नाही. कोळंबीसारखे बारके अॅम्फिपॉड मात्र भरपूर आहेत.

मशरूमवर झोत मारल्यावर डाग उठून तरंगले. मागं दोन-तीन टोकांची शेपटी आहे. मोजले तर एका मशरूमवर चौदा.

ताजी मोजणी: मिटलेले पॉलिप आता १६.

पॉलिप_नांदेड

झोअँथसवर पॉक्स, मशरूमवर तांबूस फ्लॅटवर्म (चपटे कृमी), प्लगवर निरुपद्रवी स्पायरॉर्बिस. अॅम्फिपॉडकडे लक्ष देऊ नका, ते मेलेली कातडी खातात, म्हणून मिटलेल्या पॉलिपभोवती जमतात आणि आळ त्यांच्यावर येतो.

पॉक्स जिवाणूंचा मानला जातो, कारण नायट्रोफ्युरानला दाद देतो आणि आयोडीनला फारशी देत नाही. म्हणून तुमच्या आयोडीनच्या प्रश्नाचं उत्तर: नुसत्या आयोडीनवर विसंबू नका. ते वरवरच्या जखमेला चांगलं, पुटकुळीच्या आत पोचत नाही. पॉलिप मरतो तो पुटकुळीनं थेट नाही. तो मिटून राहतो, आतल्या शैवालाला उजेड मिळत नाही, अन्न बंद होतं आणि पंधरवड्यात देठ आक्रसून विरघळायला लागतो. तुमच्या हाताशी अजून वेळ आहे, पण महिनाभर नाही.

रूढ उपाय असा. नायट्रोफ्युराझोन आणि फ्युराझोलिडोन असलेलं शोभेच्या माशांचं औषध, फ्युरन-२ किंवा त्याच घटकांचं. एक पाकीट टाकीतल्या एका कप पाण्याला, म्हणजे सुमारे २५० मिलीला. वसाहत कपात बुडत नसेल तर दोन पाकिटं आणि अर्धा लिटर, प्रमाण तेच ठेवायचं. भुकटी पूर्ण विरघळू द्या, तळाशी गाळ राहिला तर तो एकाच पॉलिपवर बसतो. मग २० मिनिटं. खोलीतला उजेड मंद ठेवा. आणि लातुरात मे महिन्यात सगळ्यात महत्त्वाचं हे की कप टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवायचा, ओट्यावर नाही. ३८ अंशांच्या खोलीत पाव लिटर पाणी वीस मिनिटांत चांगलंच तापतं. मग पॉलिप औषधानं मेला की उष्णतेनं, हे कळायला मार्ग नाही. कप कलंडणार नाही असा रुंद बुडाचा घ्या, काठावर चिमटा लावा.

डिपच्या कपात एअरस्टोन सोडू नका, तुषार उडतात. दर पाच मिनिटांनी बिनसुईच्या सिरिंजनं पॉलिपमधून पाणी हळू फिरवा. वीस मिनिटं झाली की टाकीच्या पाण्याच्या दोन वाडग्यांत एकापाठोपाठ खळबळून घ्या. असं लागोपाठ तीन दिवस, दर वेळी ताजं औषध. कालचं उरलेलं वापरायचं नाही. तिसऱ्या दिवसानंतर चार दिवस थांबा आणि बघा. पुटकुळ्या सुकून गळायला लागल्या तर पुन्हा देऊ नका. सातव्या दिवशी नव्या दिसल्या तर तीन दिवसांचा आणखी एक फेरा.

वसाहत परत मोठ्या टाकीत नको. २० लिटरचा टब, मोठ्या टाकीचंच पाणी, छोटा पंप, स्पंज फिल्टर. स्पंज दोन-तीन आठवडे आधी टाकीत मुरलेला असला तर उत्तम. नसेल तर रोज चार लिटर पाणी बदला आणि अमोनिया मोजा. टबात मध्यम उजेड. पंधरा दिवस नवी पुटकुळी नाही आणि निम्म्याहून जास्त पॉलिप उघडले, तेव्हाच परत. नवा फ्रॅगही याच टबात, त्यालाही हाच डिप, अंगावर ठिपका दिसत असो वा नसो.

पाकीट मिळालं नाही म्हणून मेडिकलमधला नायट्रोफ्युराझोनचा मलम पाण्यात कालवू नका. मलमाचा आधार कातडीवर थर धरतो आणि औषधाची मात्रा कळत नाही.

आता फ्लॅटवर्म. हे चिरडायचे नाहीत. अंगात विष असतं, आणि एकटा उरला तरी कळ्या धरून पुन्हा वाढतात. एअरलाइनची ४ मिलिमीटरची नळी घ्या, दुसरं टोक बादलीत, त्या बादलीतल्या टोकाशी फिल्टर फ्लॉस बांधा म्हणजे पाणी परत टाकीत ओतता येईल. मशरूमवरचे एकेक ओढून घ्या. दिवे चालू असताना करा, ते उजेडाला वर येतात. दर दिवसाआड, तीन आठवडे. त्या कोपऱ्यात प्रवाह कमी असणार, वेव्हमेकर जरा तिकडं वळवा. माशांचं खाणं निम्म्यावर आणा. फ्लॅटवर्म बारीक कोपेपॉड खातात आणि कोपेपॉड पोसतात ते माशांच्या उष्ट्यावर.

फ्लॅटवर्म मारायचं औषध टाकीत टाकायची वेळ आलीच तर आधी जमतील तेवढे ओढून काढलेले असले पाहिजेत. शेकड्यानं एकदम मेले तर त्यांचंच विष टाकीत सुटतं. ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि ३० लिटर तयार मिठाचं पाणी हाताशी असल्याशिवाय पाकीट फोडू नका. चौदा म्हणजे अजून नळीनं आटोक्यात येण्यासारखे आहेत.

औषधवाली_परभणी

दादा, डिप देण्याआधी हे नीट वाचा. झोअँथस आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचे विष असू शकते. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळे काढले गेले, आणि निसर्गातल्या सर्वात जहाल विषांत त्याची गणना होते. प्रत्येक वसाहतीत ते सारखे नसते आणि रंगावरून ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक वसाहत विषारी समजूनच हात लावायचा.

हातमोजे नायट्राइलचे, लांब मनगटाचे. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी काम घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला द्या. डोळ्यांवर बाजूने बंद असणारा चष्मा हवा, कारण मिटलेला पॉलिप दाबला गेला की पिचकारी मारतो आणि ती थेट डोळ्यात जाते. नाकातोंडावर मास्क. डिप स्वयंपाकघरात नको, आणि कप, वाडगी, सिरिंज नंतर कधीही घरात वापरायची नाहीत. मुलांना आणि मांजरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. कूलर बंद ठेवा, त्याचा झोत तुषार घरभर नेतो. खिडकी मात्र उघडी.

पॉलिप असलेला दगड उकळू नका, गरम पाणी ओतू नका, कोरडा असताना ब्रशने घासू नका. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते. परदेशात यामुळे अख्खी कुटुंबे दवाखान्यात गेली आहेत. प्लग घासायचाच असेल तर पाण्याखाली, जुन्या टूथब्रशने.

काम झाले की वापरलेली भांडी आणि हातमोजे ब्लीचच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, दर वेळी ताजे. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. तुम्ही व्हिनेगरची चाचणी नुकतीच केली आहे म्हणून मुद्दाम सांगते, ती बाटली आधी उचलून ठेवा.

डिपचे उरलेले पाणी अंगणातल्या झाडांना, विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. नायट्रोफ्युरान औषधे आपल्याकडे खाण्याच्या माशांच्या शेतीत बंद आहेत, त्याला कारण आहे. बादलीत एक-दोन दिवस उन्हात ठेवा, मग ब्लीच घालून ड्रेनेजच्या संडासात ओता.

काम करताना किंवा नंतर काही तासांत तोंडाला कडवट-धातूसारखी चव, ओठांना मुंग्या, थंडी-ताप, खोकला, धाप, अंगदुखी किंवा डोळ्यात आग यांपैकी काहीही झाले तर काम सोडा, वाट पाहत बसू नका. डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात. डॉक्टरांना विषाचे नाव कागदावर लिहून द्या. समुद्रापासून इतक्या लांब हे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसते आणि साधा फ्लू समजून वेळ जातो.

खाराकोपरा_संभाजीनगर

निदानावर आणि डिपवर दोघांनी नेमकं सांगितलंय. माझं म्हणणं पाण्याबद्दल आहे. पॉक्स फ्रॅगबरोबर आला असेल, पण निरोगी वसाहत तीन आठवड्यांत इतकी खचत नाही. पहिल्या पोस्टमधल्या दोन गोष्टी खटकतात.

एक, प्यायच्या आरओचं पाणी. घरगुती प्युरिफायरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. बोअरचा टीडीएस हजाराच्या घरात असेल तर नळाला ८०-१५० येतो. आपल्याला शून्य हवा. त्यातही तुमच्या प्युरिफायरमध्ये तांब्याचं काडतूस असेल, हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, तर ते पाणी टाकीला एक थेंबही नको. माणसाला चालणारं तांबं श्रिम्प, गोगलगाई आणि प्रवाळांना मारतं, आणि ते दगडात मुरून बसतं. तुमचा श्रिम्प जिवंत आहे आणि कात टाकत असेल तर बहुधा तांबं नाही, पण मॉडेल तपासा. मेम्ब्रेनच्या लगेच पुढून टी आकाराचा जोड लावून वेगळी नळी काढा, तिला उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं काडतूस लावा आणि टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेव्हाच पाणी घ्या. मीटर १-२ दाखवायला लागला की रेझिन बदला.

एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीनेक लिटर वाया जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात ते मोरीत सोडून देणं बरोबर नाही. फरशी पुसायला, संडासाला ठेवा. बोअरचं असेल तर कुंड्यांना नको, त्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात.

दुसरं, हायड्रोमीटर. काट्यावर मिठाचा पापुद्रा बसला की काटा जड होतो आणि क्षारता आहे त्याहून कमी दाखवतो. बुडबुडा चिकटला तर उलटं. रिफ्रॅक्टोमीटर (उजेड किती वळतो त्यावरून क्षारता मोजणारा) घ्या, आणि तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका. ३५ ला (हजार भागांत ३५ भाग क्षार, ही समुद्राची क्षारता) तपासायचं द्रावण घरी होतं: ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम शून्य टीडीएसचं पाणी, दोन्ही वजनानं. त्यावर ३५ दिसलं पाहिजे.

आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की १२० लिटरच्या उघड्या टाकीतून दिवसाला तीन लिटर सहज उडतात. पाणी उडतं, मीठ राहतं. एक दिवस भर घातली नाही तर ३५ चं जवळपास ३६ होतं. आठवड्यातून एकदाच भर घालत असाल तर पॉलिप आठवडाभर वर-खाली होत असतात. रोज दोन वेळा, शक्यतो तरंगत्या स्विचनं आपोआप, आणि भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची, मिठाच्या नाही.

त्याच कोरड्या हवेचा फायदाही घ्या. १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे पाण्यावर तिरके लावले तर एप्रिल-मेमध्ये तापमान दोन ते चार अंशांनी उतरतं. चिलर घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की पंख्यांचा परिणाम कमी होतो, पण तेव्हा खोलीच थंड असते. संध्याकाळचं २८.५ वरून २६.५ वर आणा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि जिवाणू जास्त, रोग पसरायला तेवढं पुरतं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर ठेवा, पंखे आणि दिवे नंतर.

खारंपाणी_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्युरिफायरमध्ये तांब्याचं काडतूस नाही, पण टीडीएस कंट्रोलर आहे आणि नळाला ११० आला. मेम्ब्रेनच्या पुढून ७. रेझिन मागवलंय. शेजारच्या दुकानातून रिफ्रॅक्टोमीटर आणून ३६.५ ग्रॅमच्या द्रावणावर लावला. टाकी ३८ दाखवते, म्हणजे हायड्रोमीटर खोटा होता. काट्यावर पापुद्रा आहेच.

पाकिटं परवा येतील. तोवर क्षारता एकदम ३५ वर आणू का? आणि कडक प्रवाळाचं राहिलंच.

खाराकोपरा_संभाजीनगर

एकदम नको. दिवसाला एकाच्या आत. तुमच्या १२० लिटरला हिशेब असा: रोज अडीच लिटर टाकीचं पाणी काढा आणि तेवढंच शून्य टीडीएसचं घाला. चार दिवसांत ३८ चं ३५ होतं. उडालेल्या पाण्याची भर वेगळी, ती यात मोजू नका. रेझिन येईपर्यंत मेम्ब्रेनपुढचं ७ टीडीएसचं पाणी चालेल, नळाचं ११० चं नको. रोज त्याच वेळी मोजा, दिवे लागायच्या आधी.

पॉलिप_नांदेड

यात एक जोड. टब ज्या दिवशी भराल त्या दिवशी त्याचं पाणी मोठ्या टाकीतूनच घ्या, तेव्हा टाकी ३७ असेल तर टबही ३७. नवीन मीठ कालवून टब थेट ३५ वर ठेवला तर डिपचा ताण आणि क्षारतेचा धक्का एकाच दिवशी बसेल. डिपचे तीन दिवस टब आहे तिथंच ठेवा आणि चौथ्या दिवसापासून रोजच्या चार लिटरच्या बदलात हळूहळू उतरवा. बदलायचं पाणी आदल्या रात्रीच कालवून, पंप लावून ठेवा, तापमान टबाएवढं होऊ द्या.

कडक प्रवाळ घेऊ नका, आणि हे टाकी तगवेल की नाही याच्याशी संबंधित नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे स्क्लेरॅक्टिनियन, म्हणजे दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ घातले गेले. काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच. विकणारा कुरिअरनं पाठवतो म्हणून ते कायदेशीर होत नाही, आणि वाळलेला सांगाडा शोकेसमध्ये ठेवणंही गुन्हाच. मन्नारच्या आखातात नाहीतर लक्षद्वीपला कुणीतरी छिन्नी लावून तोडलेला असतो तो. झोअँथस, मशरूम, लेदर त्या यादीत नाहीत.

औषधवाली_परभणी

परवा डिप देताना घरात दुसरे कुणीतरी असू द्या. आणि पहिल्या दिवशी डिपआधी प्रत्येक मिटलेल्या पॉलिपचा एक फोटो त्याच कोनातून, त्याच दिव्याखाली काढून ठेवा. सातव्या दिवशी पुटकुळ्या वाढल्या की घटल्या, हे नुसत्या आठवणीवर ठरवता येत नाही.

खारंपाणी_लातूर

घरी बहीण असेल, चष्मा आणि मास्क आणून ठेवलेत. फोटो आजच काढले: १६ मिटलेले पॉलिप, ४१ पुटकुळ्या, चकतीच्या कडेवरच्या धरून. मशरूमवरचे नऊ फ्लॅटवर्म नळीनं निघाले, पाच दगडाच्या फटीत गेले. उद्या दिवे लागले की पुन्हा नळी लावतो. सातव्या दिवशीचे आकडे इथंच टाकेन.